इंग्लंडच्या जुन्या बंदराच्या गावात नवं टाउनहाऊस घेताय? आधी हे बघून घ्या

भाड्याच्या घरात काही वर्षं काढली, मुलं शाळेत रुळली, की रात्री जेवणं आटोपल्यावर राइटमूव्ह ही घरांच्या जाहिरातींची वेबसाइट उघडून बसायचा कार्यक्रम आपल्याकडे सुरू होतोच. मोठ्या शहरातले भाव बघून डोळे पांढरे झाले की नजर आपोआप किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांकडे वळते. किंग्ज लिन, गॉस्पोर्ट, चॅटम, सँडविच असली गावं, दगडी गल्ल्या, जुनं कस्टम हाऊस, धक्क्यावर बोटी, आणि मधेच तीन मजली नवंकोरं टाउनहाऊस, खाली गॅरेज वर बाल्कनी, चार बेडरूम. मोह होणारच, त्यात काही चूक नाही.

हे सगळं इंग्लंडपुरतं लिहितोय, स्कॉटलंडमध्ये घर घ्यायची पद्धतच वेगळी आहे आणि वेल्सचा टॅक्स वेगळा. माझं म्हणणं साधं आहे, अशा गावात घर नवं असतं पण जमीन शेकडो वर्षं वापरलेली असते, त्यामुळे आधी जमीन, पाणी आणि कागद बघायचे आणि किचनचे फोटो शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पायरी १: जाहिरात नीट वाचा

पहिली गोष्ट, इस्टेट एजंट हा विकणाऱ्याचा माणूस. कितीही गोड बोलला, चहा पाजला तरी त्याची फी समोरचा देतो हे डोक्यात असू द्या. गाइड प्राइस म्हणजे बोली सुरू करायचा अंदाज, ऑफर्स इन एक्सेस ऑफ म्हणजे याच्या वर बोला (पण खाली बोलायला कायद्याने कोणी अडवत नाही), नो ऑनवर्ड चेन म्हणजे विकणाऱ्याला स्वतःसाठी दुसरं घर शोधायचं नाहीये, हे खरंच चांगलं, कारण चेन, म्हणजे एकमेकांवर अडकलेल्या खरेदी-विक्रीची साखळी, असली की पाचव्या माणसाचं लोन अडकलं तरी तुमचं सामान बॉक्समध्येच राहतं.

आता फ्लोअर प्लॅन उघडा. टाउनहाऊसमध्ये गंमत इथे असते. एकूण स्क्वेअर फूट लिहिलेले असतात त्यात गॅरेज धरलंय का ते बारीक अक्षरात असतं. "चार बेडरूम" मधली चौथी म्हणजे बऱ्याचदा तळमजल्यावरची, गॅरेजच्या मागची छोटी खोली असते, तिला कुठे स्टडी म्हणतात कुठे बेडरूम फोर. आणि जिने तर विचारूच नका, तीन मजल्यांच्या अरुंद घरात जिना आणि त्याची लँडिंग्ज बरीच जागा खातात, कागदावर मोठं वाटणारं घर आत गेल्यावर लहान वाटतं ते यामुळेच.

पायरी २: ही जमीन आधी काय होती?

बंदराच्या गावात रिकामी जमीन सहसा नसते. जिथे आज नव्या घरांची रांग दिसते तिथे आधी काहीतरी होतंच, गोदी, बोटी बांधायचं यार्ड, लाकडाची वखार, कातडी कमवायचा कारखाना, गॅसवर्क्स, रेल्वेचं साइडिंग. चॅटमचं नौदलाचं डॉकयार्ड १९८४ ला बंद झालं, त्याचाच भाग असलेल्या सेंट मेरीज आयलंडवर आज अख्खी वसाहत आहे, शाळेसकट. गॉस्पोर्टचं रॉयल क्लॅरेन्स यार्ड म्हणजे नौदलाला रसद पुरवायचं ठिकाण, तिथेही आता लोक राहतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, अशा जागेला परवानगी देताना जमीन साफ करायची अट सहसा घातलेली असते, पण ते काम झाल्याचा कागद बघायला मागणं तुमचं काम.

फुकटात करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे आहेत, आजच्या सॅटेलाइट फोटोशेजारी जुना नकाशा ठेवून बघता येतो. घराच्या जागेवर कर्सर नेला की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते शेजारी दिसतं. गॅस वर्क्स, टॅनरी, टिंबर यार्ड असं काही लिहिलेलं दिसलं, किंवा आज जिथे पार्किंग आहे तिथे तेव्हा चक्क पाणी दाखवलं असेल तर ते टिपून ठेवा आणि सॉलिसिटरला (खरेदीचे कागद बघणाऱ्या तुमच्या वकिलाला) लेखी कळवा. सॉलिसिटर एन्व्हायर्नमेंटल सर्च (जमिनीतल्या धोक्यांचा रिपोर्ट) काढतोच, पण तो ऑफिसात बसून रिपोर्ट वाचणार, तुम्ही नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं येतं.

भराव टाकलेल्या जमिनीवर घरं बऱ्याचदा पाइल्सवर (जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर) उभी असतात, म्हणजे घर हलत नाही पण आजूबाजूची जमीन हळूहळू बसते. व्ह्यूइंगला गेलात की दाराशी खाली बघा. उंबऱ्याला आणि ड्राइव्हवेच्या फरशीला जिथे सांधा आहे तिथे फट पडलीये का, फरशी घराकडे कललीये का, पावसाच्या पाइपचा खालचा तुकडा जोडातून सुटलाय का. भिंतीला तडा नसतानाही जमीन बसल्याचं इथे कळतं, आणि बाहेरच्या जमिनीतले ड्रेनचे पाइप वाकले असतील तर तो खर्च तुमच्याच गळ्यात. सर्व्हेअरला आधीच सांगून ठेवा की हे बघ.

पायरी ३: पाणी, आणि इन्शुरन्सची मेख

इथे थोडं थांबा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री नॉर्थ सीचं पाणी पूर्व किनाऱ्यावर चढलं आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. ५ डिसेंबर २०१३ ला पुन्हा मोठी लाट आली, लिंकनशायरमधल्या बॉस्टनमध्ये शेकडो घरांत पाणी शिरलं, त्यानंतर तिथे नदीवर मोठं फाटक बांधलं गेलं. किंग्ज लिनला गेलात तर मिन्स्टर चर्चच्या पश्चिमेच्या दाराशी भिंतीवर पुराच्या पातळ्या कोरलेल्या आहेत, १९५३ ची आहे आणि १९७८ ची तिच्याही वर. तिथे उभं राहून बघा पाणी तुमच्या कुठवर आलं असतं. (त्याच चर्चच्या टॉवरवर चंद्राच्या कलांप्रमाणे भरतीची वेळ दाखवणारी तबकडी आहे, काटा म्हणजे हिरवा ड्रॅगन, मुलांना नक्की दाखवा.) आणि सगळीच बंदरं पाण्याला चिकटून नाहीत, सँडविचपासून समुद्र गाळ साचून साचून कधीच दूर गेला, पण भरतीचं पाणी तिथेही नदीतून वर चढतं.

मग करायचं काय, तर सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकून लाँग टर्म फ्लड रिस्क बघायची, फुकट आहे. समुद्र-नदीचं पाणी आणि पावसाचं तुंबणारं पाणी असे दोन्ही धोके वेगवेगळे दाखवतात, दोन्ही बघा. विकणारा जो प्रॉपर्टी इन्फर्मेशन फॉर्म भरतो त्यात पूर आला होता का हा प्रश्न असतोच, त्याचं उत्तर वाचा. शिवाय अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती असते, भरतीच्या वेळा बघून त्या दिवशी धक्क्यावर चक्कर मारा. ओहोटीच्या वेळी एजंटने दाखवलेला सुंदर चिखल आणि भरतीला कठड्याच्या दोन हात खाली आलेलं पाणी यात फार फरक असतो.

आता मेख. इंग्लंडमध्ये फ्लड री नावाची योजना आहे, २०१६ ला सुरू झाली आणि २०३९ पर्यंत चालणार, पुराच्या धोक्यातल्या घरांना परवडणारा इन्शुरन्स मिळावा म्हणून. पण १ जानेवारी २००९ पासून पुढे बांधलेली घरं यात बसत नाहीत. म्हणजे शेजारच्या गल्लीतलं दोनशे वर्षांचं दमट घर योजनेत बसतं आणि तुमचं चकाचक टाउनहाऊस बसत नाही! कारण सरळ आहे, पुराच्या जागी नवी घरं बांधायला प्रोत्साहन मिळू नये. त्यामुळे ऑफर देण्याआधीच दोन-तीन कंपन्यांकडून इन्शुरन्सचा कोट काढा, एक्सेस (क्लेम केला तर तुम्ही स्वतः भरायची रक्कम) किती लावतायत तेही बघा. कोट मिळतच नसेल किंवा आकडा भलताच असेल तर लोनही अडकणार, कारण बिल्डिंग इन्शुरन्सशिवाय बँक पैसे सोडत नाही. घराचं साल दोन हजार आठ की दहा याने एवढा फरक पडतो हे एजंट आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

पाण्याजवळच्या टाउनहाऊसमध्ये तळमजल्यावर फक्त गॅरेज आणि युटिलिटी, राहायच्या खोल्या वर, ही रचना काही वेळा मुद्दाम पुरासाठीच केलेली असते, प्लॅनिंग परमिशनमध्येच तशी अट असते. ते गॅरेज पुढे खोली करू हा विचार असेल तर कौन्सिलच्या वेबसाइटवर मूळ परमिशन शोधून अटी वाचा.

पायरी ४: पैसे, आणि पुण्यातला फ्लॅट

स्टॅम्प ड्यूटी एप्रिल २०२५ पासून अशी आहे: पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिलंच घर असेल तर ३,००,००० पर्यंत माफ, ३ ते ५ लाखांच्या भागावर ५ टक्के, आणि किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलत पूर्ण बंद.

आता आपल्या लोकांचा प्रश्न. पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात, नाशकात, कुठेही तुमच्या नावावर फ्लॅट असेल किंवा पूर्वी होता, वारशाने आलेला असला तरी, तर तुम्ही इथे फर्स्ट टाइम बायर नाही. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेताय आणि दोघांपैकी एकाचाच तिकडे फ्लॅट आहे, तरी सवलत गेली. आणि तो फ्लॅट अजून तुमच्याकडे आहे आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त आहे तर वरून ५ टक्के जादा, कारण इथलं घर दुसरं धरलं जातं. बायकोच्या नावावरचा फ्लॅट नवऱ्यालाही मोजला जातो.

३,५०,००० पौंडांच्या घराचा हिशोब करून बघा. खरंच पहिलं घर असेल तर २,५०० पौंड. पहिलं नाही पण सध्या दुसरं घरही नाही, तर ७,५००. पुण्याचा फ्लॅट हातात आहे, तर २५,०००. हा आकडा ऐनवेळी कळला की लोक अक्षरशः खाली बसतात. वारसा, एकत्र कुटुंबाची मालमत्ता, आईवडिलांनी नुसतं नाव लावलेलं, अशी गुंतागुंत असेल तर टॅक्स सल्लागाराला फी देऊन लेखी सल्ला घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका.

डिपॉझिटसाठी बाबा भारतातून पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशात पैसे पाठवायच्या) योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आर्थिक वर्षाची, म्हणजे एप्रिल ते मार्च. पण खरी कटकट इकडे असते, सॉलिसिटर आणि बँक दोघंही पैसा आला कुठून ते विचारणार. बाबांचं गिफ्ट लेटर (हे कर्ज नाही, घरात हिस्सा नको असं लिहिलेलं), त्यांची ओळखपत्रं, बँक स्टेटमेंट, एफडी मोडली असेल तर तिचा कागद, जमीन विकली असेल तर खरेदीखत, आणि मराठीत असेल तर भाषांतर. हे घर शोधायला लागायच्या आधीच गोळा करायला घ्या. व्हिसावर असाल तर कोणती बँक किती डिपॉझिट मागते हे बँकेगणिक बदलतं, मॉर्गेज ब्रोकर गाठा.

पायरी ५: व्ह्यूइंगला गेल्यावर

एकदा वीकेंडला आणि एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी जा. बंदराच्या गावात उन्हाळ्याच्या शनिवारी पार्किंगचे जे हाल होतात ते मंगळवारी सकाळी दिसत नाहीत.

जिना वर-खाली करून बघा, हातात काहीतरी जड घेऊन, कारण रोजचं जगणं तसंच असतं, धुणं खाली, बेडरूम वर, किचन मधल्या मजल्यावर असेल तर सगळी ग्रोसरी एक जिना चढून. आई-बाबा तीन-चार महिने येऊन राहणार असतील तर तळमजल्यावर खोली आणि शॉवर आहे का हा प्रश्न बाल्कनीपेक्षा मोठा, गुडघ्यांना समुद्र दिसत नाही.

तीन मजली घरात जिन्याकडे उघडणारी दारं जड लागतील, ती फायर डोअर्स असतात. सगळ्यात वरचा मजला जमिनीपासून साडेचार मीटरच्या वर असला की आग लागल्यास जिन्याने सुरक्षित उतरता यावं म्हणून नियमांत ही सोय असते. विकणाऱ्याने मधली दारं-भिंत काढून मोठा ओपन प्लॅन हॉल केला असेल तर छान म्हणून पुढे जाऊ नका, बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट मागा.

गॅरेजची आतली रुंदी टेपने मोजा, आणि गाडीची रुंदी आरशांसकट. बऱ्याच गॅरेजमध्ये गाडी जाते पण दार उघडून माणूस बाहेर येत नाही.

खारा वारा नव्या घरालाही सोडत नाही. बाल्कनीच्या रेलिंगचे स्क्रू, खिडक्यांच्या बिजागऱ्या, बाहेरच्या दिव्यांचे पत्रे, इथे गंज आधी दिसतो. बाल्कनीच्या काचेखालच्या खोबणीत हिरवं साचलं असेल तर पाणी निघून जात नाहीये. वरच्या मजल्यावर मे-जूनमध्ये गेलात तर सीगल पक्ष्यांचा पहाटेचा गोंधळ ऐकायला मिळेल, आणि अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा छपरावर आधीच घरटी असतील तर सवय करून घ्यावी लागेल. आणि समोरचा व्ह्यू? तो विकत मिळत नाही. उद्या समोरच्या रिकाम्या धक्क्यावर चार मजली इमारत आली तर माझा समुद्र झाकला म्हणून कोर्टात जाता येत नाही, त्यामुळे समोरच्या जागेचे प्लॅनिंगचे अर्ज बघून मगच व्ह्यूसाठी जादा पैसे मोजा.

पायरी ६: कागद

"फ्रीहोल्ड आहे" (म्हणजे घर जमिनीसकट मालकीचं) ऐकून निर्धास्त होऊ नका. नव्या वसाहतींत घर फ्रीहोल्ड असलं तरी रस्ते, दिवे, हिरवळ यांचा वार्षिक इस्टेट चार्ज असतो, आणि पाण्याकाठी असाल तर धक्क्याची भिंत किंवा लॉक गेट यांची देखभालही त्यात आहे का हे विचाराच, कारण जुनी दगडी भिंत दुरुस्त करणं स्वस्तातलं काम नाही. मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागा, रक्कम कशी वाढली बघा, वाढीवर मर्यादा आहे का ते ट्रान्सफर डीडमध्ये (मालकी नावावर करायच्या दस्तात) असतं. रस्ता कौन्सिलने ताब्यात घेतलाय की खाजगीच आहे हेही.

घराचा काही भाग कमानीवर असेल, म्हणजे खालून मागच्या पार्किंगला वाट जाते आणि वर तुमची बेडरूम, तर सॉलिसिटरला फ्लाइंग फ्रीहोल्डबद्दल विचारा, काही बँका त्यावर नाक मुरडतात. आणि जुन्या गावाचा मधला भाग बहुधा कॉन्झर्व्हेशन एरिया (जुनं रूप जपायचा भाग) असतो, नव्या घरालाही ते नियम लागू होतात, झाड तोडायचं तर सहा आठवडे आधी नोटीस, खिडक्या-दारं बदलायला कुठे कुठे परवानगी.

पायरी ७: ऑफर ते चावी

ऑफर मान्य झाली म्हणजे घर तुमचं झालं नाही. कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही मागे फिरू शकतं, आणि जास्त पैसे देणारा आला म्हणून विकणाऱ्याने पलटी मारली तरी तुम्ही सर्व्हेवर केलेला खर्च परत मिळत नाही. ऑफर देताना निदान जाहिरात काढून टाकायची अट घाला.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते बँकेच्या पैशाची काळजी करतं, तुमच्या नाही. दहा-पंधरा वर्षांच्या टाउनहाऊसला लेव्हल २ (मध्यम तपासणीचा) सर्व्हे साधारण पुरतो, भरावाची जमीन किंवा तडे दिसले तर लेव्हल ३ (सखोल). अगदी नवं घर असेल तर स्नॅगिंग, म्हणजे बांधकामातल्या बारीकसारीक चुकांची तपासणी. एनएचबीसी या नव्या घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेची वॉरंटी दहा वर्षांची असते पण त्यातली पहिली दोन वर्षं बिल्डरने दोष दुरुस्त करायचे, पुढची आठ मुख्यतः बांधकामाच्या मोठ्या दोषांचा इन्शुरन्स, त्यामुळे आठ वर्षांच्या घराला "वॉरंटी आहे" म्हणजे किती आहे ते ओळखा.

एक्सचेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट जातं आणि तिथून पुढे माघार घेतली तर ते बुडतं. पैसे पाठवायच्या आधी सॉलिसिटरचा अकाउंट नंबर फोन करून पडताळा, तोही ईमेलमधल्या नंबरवर नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर. खाते बदललंय म्हणून आलेल्या ईमेलवर विश्वास ठेवून डिपॉझिट चोराकडे गेल्याचे प्रकार इथे होतात. जुन्या मालकाकडून घेत असाल तर इन्शुरन्स सहसा एक्सचेंजच्या दिवसापासूनच लावावा लागतो, सॉलिसिटरला तारीख विचारून घ्या. स्टॅम्प ड्यूटी कम्प्लीशननंतर (घर ताब्यात आल्यावर) १४ दिवसांत भरायची, ते सॉलिसिटरच करतो.

चावी मिळाल्यावर त्याच दिवशी गॅस-वीज-पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे शोधा, एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या फुकट फ्लड वॉर्निंगसाठी मोबाईल नंबर नोंदवा, आणि इस्टेट चार्ज घेणाऱ्या कंपनीला नवे मालक म्हणून लेखी कळवा, नाहीतर जुन्या मालकाच्या नावाने आलेली बिलं तशीच पडून राहतात आणि वर लेट फी चढते.